नावात कूलर होता म्हणून घेतला: बिनटर्बोच्या वॅगनआरला इंटरकूलर

वस्तू: ॲल्युमिनियमचा इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गार करायची जाळी. कंपनीचं नाव नाही, 'सगळ्या गाड्यांना बसते' असं सांगून विकला.
गाडी: वॅगनआर, २०१३, पेट्रोल, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो नाही.
खर्च: इंटरकूलर ७,८००, पाइप-होज-क्लॅम्प २,४००, मजुरी १,३००. झाले ११,५०० रुपये.
वापर: १९ दिवस. मग काढून टाकला.

माझा धंदा कूलरचा. घरातल्या कूलरचा, म्हणजे पत्र्याची पेटी, तीन बाजूंनी ताट्या, खाली टाकी, आत पंप. होळी पेटली की आमचा सीझन पेटतो. लोक माळ्यावरून कूलर उतरवतात आणि मी आणि माझे दोन पोट्टे ताट्यांमधला वुडवूल (लाकडाचा बारीक कीस) बदलत, पंप तपासत, मोटरला तेल देत पार मृग लागेपर्यंत धावत असतो. लग्नाच्या हॉलला मोठे कूलर भाड्याने देतो ते वेगळं. बावीस उन्हाळे झाले. नागपुरात बावीस उन्हाळे कूलर विकलेल्या माणसाला 'कूलर' हाच शब्द दाखवून कोणी साडेअकरा हजाराचा चुना लावत असेल, तर विकणारा हुशार आहे हे मी आधीच कबूल करतो.

गाडीबद्दल माझी तक्रार एकच होती. मागची सीट पाडली की ताट्यांचे गठ्ठे, पंपाचे डबे, दोन-तीन मोटरी आरामात बसतात, तिथे काही म्हणणं नाही. पण एप्रिल संपला की दुपारी एसी लावून, माल भरून वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढलो की गाडी धापा टाकते. चौथ्यातून तिसऱ्यात यावं लागते, तरी मागचा ऑटोवाला हॉर्न मारते. जानेवारीत तोच पूल, तेवढाच माल, आणि गाडी गुणगुणत वर जाते. हा फरक माझा भास नाही. तो का पडतो ते पुढे येईलच.

शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात सीट कव्हर घ्यायला गेलो होतो. नाव सांगत नाही, भांडण वाढवायचं नाही. काउंटरवरच्या पोराशी बोलता बोलता पुलाची गोष्ट निघाली. तो म्हणाला, "भाऊ, नागपूरच्या गर्मीत माणसाले कूलर लागते, त इंजिनले नाही लागत का?"

राजेहो, मी तिथेच संपलो. हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकाला म्हणू शकलो असतो.

मग त्याने सुरू केलं. थंड हवा घट्ट असते, घट्ट हवेत ऑक्सिजन जास्त, ऑक्सिजन जास्त तर पिकअप जास्त. वर लिटरमागे दोन-तीन किलोमीटर ॲव्हरेज वाढते. "जुन्या थ्री लिटर फॉर्च्युनरच्या बोनेटवर नाक असते पाहा, ते इंटरकूलरले हवा द्यायसाठीच असते." आता यातलं फॉर्च्युनरचं खरं आहे. त्या नाकाखाली इंटरकूलरच बसवलेला असतो. थंड हवा घट्ट असते हेही शंभर टक्के खरं. ॲव्हरेजचं सोडलं तर त्याने खोटं काही सांगितलं नाही. फक्त एक शब्द गाळला. टर्बो.

दुसऱ्या दिवशी गाडी सकाळी सोडली, संध्याकाळी घेतली. समोरचा बंपर उतरवून खालची जाळी मधोमध कापली होती आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी असते, कंडेन्सर, तिच्यासमोर इंटरकूलर टांगला होता. एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेला पाइप खाली जातो, इंटरकूलरमध्ये शिरतो, दुसऱ्या बाजूने निघून परत वर थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंत येतो. मूळचा रस्ता जेमतेम हातभर होता, तो आता माझ्या उंचीएवढा झाला. काम दिसायला सुबक होतं, क्लॅम्प सरळ, होज निळे. चकाकता ॲल्युमिनियम जाळीतून दिसायचा. चौकात दोन पोरांनी वाकून पाहिलं तेव्हा मला पन्नाशीत थोडं बरंही वाटलं.

पहिले दोन दिवस गाडी खरंच जोरात पळते असं वाटलं. आवाज बदलला होता. पाय दाबला की समोरून 'भुर्रर्र' असा खोल घोष यायचा. त्या आवाजाचं कारण वेगळंच निघालं, पण तेव्हा मी त्याला ताकद समजलो. साडेअकरा हजार गेल्यावर माणसाला गाडी पळाल्यासारखी वाटतेच.

तिसऱ्या दिवशी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला बायको म्हणाली, "एसी चालू आहे न?" चालू होता. पण गाडी थांबली की हवा कोमट व्हायची, निघाली की परत थंड. रेडिएटरचा पंखा तर बंद व्हायचं नावच घेत नव्हता. कूलरवाल्याला हे समजायला वेळ नको होता. ताटीच्या मागे कोणी पोतं टांगलं तर कूलर काय थंड करणार? कंडेन्सरच्या तोंडावरच मी पोतं टांगलं होतं, तेही ७,८०० चं.

तेव्हा मी तेच केलं जे तक्रारीच्या कूलरला करतो. गिऱ्हाईक म्हणते 'थंडच करत नाही', तेव्हा वाद घालायचा नाही. माझ्याकडे तारवाले छोटे डिजिटल थर्मामीटर आहेत, मासे पाळणारे टाकीत सोडतात तसले. एक तार कूलरच्या मागे, एक तोंडाशी. मागे ४३ आणि तोंडाशी २९ दिसले की गिऱ्हाईक स्वतःच म्हणते, बरं, मग पंखा वाढवा. तसलेच तीन थर्मामीटर घेतले, एक तार इंटरकूलरच्या आधीच्या होजमध्ये, एक नंतरच्या, आणि तिसरी आरशाला बाहेर सावलीत. तारा खिडकीतून आत. बायकोने शेजारी बसून वहीत आकडे लिहिले. तिला या प्रकरणातून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे माझी चूक लेखी स्वरूपात.

पहिली फेरी सकाळी सहाला, बुटीबोरीच्या दिशेने, ऐंशीच्या वेगाने. बाहेर ३१. इंटरकूलरच्या आधी ४६, नंतर ३८.

आठ डिग्री! मी वही हातात घेऊन परत वाचली. दुपारी तीनला तोच रस्ता. बाहेर ४४, आधी ६१, नंतर ५३. परत आठ. मी दुकानदाराच्या पोराला मनातल्या मनात माफी मागायला लागलो होतो.

मग शहरात शिरलो. सिग्नलला तीन-चार मिनिटं उभं राहिलो तर आधी ६६, नंतर ६४. पुढच्या सिग्नलला नंतरचा आकडा ६८ वर गेला, म्हणजे आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर येणारी गरम. इंटरकूलर आणि इंजिनच्या उष्णतेतून फिरणारे ते लांब पाइप तापून बसले होते आणि आता हवेला उलटी उष्णता देऊन राहिले होते. उन्हात उभ्या असलेल्या कूलरची टाकी पाहिली आहे का? पंप सुरू केला की पहिली पाच मिनिटं गरम पाणी येते. तसंच.

पण हायवेवरचे आठ डिग्री मला सोडेनात. वस्तू चालते आहे, मग गाडी पळत का नाही? दोन रात्री वहीकडे पाहत होतो आणि जे पाहायचं ते पाहतच नव्हतो. मी नजर ५३ वर लावून बसलो होतो. विचारायचं होतं ६१ ला.

ते विचारलं दुसऱ्याने. कामठी रोडला ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे आतल्या गल्लीत एक रेडिएटरवाले चाचा आहेत. बोर्ड नाही, नाव मीही देत नाही, उगाच गर्दी नको त्यांना. एसीची तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेलो. बोनेट उघडलं, निळे होज पाहिले, वाकून जाळीतून आत पाहिलं आणि म्हणाले, "ये तो टर्बो का सामान है भाऊ. टर्बो किदर है?"

म्हटलं, टर्बो नाही.

चाचा हसले नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. कोपऱ्यातून सायकलचा पंप आणला, तोंडाला अंगठा लावला आणि पोऱ्याला दहा-पंधरा दट्टे मारायला सांगितले. मग माझा हात पंपाच्या खालच्या टोकाला लावला. चटका नाही, पण चांगलंच गरम. हवा दाबली की तापते. टर्बो दुसरं काही करत नाही, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवतो, ते दुसऱ्या टोकाचं चक्र फिरवते, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. दाबताना ती हवा तापते, शंभर डिग्रीच्याही वर जाते. गरम झाली की पसरते, म्हणजे कोंबण्याचा अर्धा फायदा गेला. वर पेट्रोल इंजिन इतक्या गरम हवेने ठोकायला लागते, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटून आत ठकठक होते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये एक जाळी बसवतात, तिच्या अंगावर बाहेरचा वारा लागतो, आणि आतली हवा शंभर-सव्वाशेवरून पन्नास-साठपर्यंत येते. मध्ये बसतो म्हणून 'इंटर'. माझ्या गाडीत तो कशाच्या मध्ये होता? फिल्टर आणि थ्रॉटलच्या. तिथे हवा कोणी दाबतच नाही. पिस्टन खाली जातो, पोकळी होते, हवा आपल्या पायाने चालत आत येते. त्यालाच ते नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात.

चाचांनी चहा मागवला होता, तो हातात घेऊन म्हणाले, गरम चहा बशीत ओतला तर लवकर गार होतो. गार झालेला चहा बशीत ओतून फुंकत बसलं तर काय होते? सांडते.

मला सगळ्यात जास्त लाज इथे वाटली, कारण हा माझ्याच धंद्याचा मुद्दा आहे. घरचा कूलर ४४ ची हवा २९ वर आणतो तो पंख्याच्या जोरावर नाही. ताटीवरचं पाणी उडून जाते आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जाते. मे अखेरच्या नवतप्यात आपल्याकडची हवा कोरडी खडखडीत, म्हणून नागपूरचा कूलर एसीला लाजवतो आणि मुंबईचा कूलर घाम आणतो. पंप बंद पडला की उरतो तो फक्त पंखा, आणि पंखा ४४ चीच हवा फेकतो. इंटरकूलरमध्ये पंप नाही, पाणी नाही, ताटी नाही. एका बाजूने बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूने इंजिनात जाणारी हवा. उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते. बाहेर ४४ असताना तो ४४ च्या खाली काही केल्या नेऊ शकत नाही, नवा असो, जुना असो, दहा हजाराचा असो की लाखाचा. कूलर म्हणतात त्याला, पण तो कूलर नाही. आमच्या धंद्याचं नाव उगाच वापरलं आहे.

"मग हे आठ डिग्री कुठून आले?" मी वही दाखवली.

चाचांनी वहीतल्या ६१ वर काळं बोट ठेवलं. "बाहर ४४, तो अंदर ६१ किसने किया?"

आणि मग ते फिल्टरच्या डब्याकडे वळले. त्या डब्याला कंपनीची एक काळी प्लास्टिकची सोंड असते. ती समोर, रेडिएटरच्या वरच्या कडेपर्यंत जाते आणि बाहेरची ताजी हवा ओढते. माझ्या गाडीला सोंडच नव्हती. दुकानदाराने नवे पाइप बसायला जागा हवी म्हणून ती काढली होती, सांगितलं नव्हतं. इंजिन १९ दिवस बोनेटच्या आतली भाजलेली हवा पीत होतं. तो 'भुर्रर्र' आवाजही त्याचाच, सोंड काढली की फिल्टरच्या डब्याचं तोंड उघडं पडते आणि हवा ओढल्याचा आवाज मोठा येतो. म्हणजे आधी हवा सतरा डिग्रीने तापवली, मग त्यातले आठ परत दिले, आणि त्याचे माझ्याकडून ११,५०० घेतले. मंदिराबाहेर आपलीच चप्पल चोरून आपल्यालाच विकावी तसा प्रकार.

सोंड डिक्कीत स्टेपनीच्या बाजूला पिशवीत सापडली. फेकली नव्हती, एवढी माणुसकी.

चाचांनी त्याच दिवशी सगळं उतरवलं, जुनं प्लास्टिक परत बसवलं आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या पात्यांमधून हवेने आणि पाण्याने जे काही काढलं ते पाहून माझे मलाच प्रश्न पडले. धूळ, पतंग, आणि बराच वुडवूल. माझाच माल. इंटरकूलर काढायचे ३५०, सफाईचे ६००. साडेनऊशे.

दुसऱ्या दुपारी परत तारा लावल्या. बाहेर ४४, हायवेवर थ्रॉटलजवळ ४८. सिग्नलला थांबल्यावर ५५ पर्यंत गेले, निघालो की दोन मिनिटांत परत खाली. वही समोर ठेवा आणि पाहा, ११,५०० रुपयांचा इंटरकूलर ५३ देत होता, गाडीसोबत फुकट आलेली सोंड ४८ देते.

पळण्याचंही मोजलं, कारण शेवटी दुखणं तेच होतं. आउटर रिंग रोडला एक सरळ, रिकामा तुकडा आहे. एसी चालू, तिसरा गिअर, ४० ते ८०, मुलगा फोनवर वेळ लावतो. इंटरकूलरसह तीन फेऱ्यांची सरासरी १४.६ सेकंद होती, काढल्यावर १३.९. पाऊण सेकंदाचा फरक ड्रायव्हरला जाणवतो म्हणून सांगत नाही, फरक कोणत्या बाजूला पडला ते पाहा. लांब पाइप, चार वळणं आणि मध्ये बारीक जाळी, यातून पिस्टनला हवा स्वतः ओढावी लागते. टर्बोवाल्याला ढकलणारा असतो, त्याला हा अडथळा परवडतो. आमच्या इंजिनाने जास्तीची नळी जोडून उसाचा रस प्यायचा प्रयत्न केला. ॲव्हरेज आधी १६.८ होतं, इंटरकूलरवर १६.१, आता १७ च्या आसपास. दोन-तीन टाक्यांवरून यात मी पैज लावणार नाही, एसी किती वेळ चालला त्यावरही खूप ठरते. पण 'दोन-तीनने वाढते' ते कुठेच दिसलं नाही.

आता पुलावरच्या धापांचं. कारण खरंच हवा आहे, पोरगा तेवढं बरोबर बोलला. २५ डिग्रीला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१८ किलो, ४५ ला १.११. सहा टक्के कमी. वॅगनआरचं इंजिन ६८ हॉर्सपॉवरचं, म्हणजे हिशेबाने चार हॉर्सपॉवर उन्हाने खाल्ले. वर एसीचा कॉम्प्रेसर आपला वाटा घेतो, वर माझा माल. शिवाय हवा फार तापली की इंजिन ठोकू नये म्हणून गाडीचा मेंदू ठिणगी जरा उशिरा पाडतो, त्यातही थोडा दम जातो. ४४ च्या हवेत राहणाऱ्या इंजिनाला ४४ चीच हवा मिळेल. आपण फक्त ती ६१ होऊ देऊ नये.

घरी आल्यावर डोक्यात किडा आलाच. इंटरकूलर नाही तर खरा कूलर? ९९८ सीसीचं इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त दीड हजार लिटर हवा ओढेल, म्हणजे तासाला ९० घनमीटर. माझ्याकडचा मधला डेझर्ट कूलर तासाला ४,००० घनमीटर फेकतो असं खोक्यावर लिहिलेलं असते. म्हणजे वीतभर ताटीत काम होईल! आणि ही कल्पना अगदीच खुळी नाही. वीज बनवणारे मोठे गॅस टर्बाइन असतात, त्यांच्या हवेच्या तोंडाशी उन्हाळ्यात खरोखर ओल्या ताट्या लावतात, वीज जास्त निघते म्हणून. मी कागदावर चित्रही काढलं. पण फिल्टरचा कागद ओला झाला तर? आपल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार उडून आत गेला तर? ताट्यांवर तीन महिन्यांत काय थर चढतो ते मी रोज खरवडतो. बायको म्हणाली, "गाडी आहे ती, हॉल नाही." कागद घडी करून ठेवला आहे.

दुकानात परत गेलो होतो. भांडायला नाही, वही दाखवायला. पोराने आकडे नीट पाहिले, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, "भाऊ, हे त बरोबर आहे. मंग टर्बो बी लावून घ्या ना, इंटरकूलर त तुमच्याजवळ आहेच." साठ-सत्तर हजारात जमवून देतो म्हणाला. मी हात जोडले. बिनटर्बोचं इंजिन बिनटर्बोच्या हिशेबाने बनवलेलं असते. त्यात बाहेरून हवा कोंबायची तर पेट्रोल, ठिणगी, पिस्टनवरचा दाब, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडावा लागते. ज्याला हवं त्याने कंपनीचंच घ्यावं. मारुतीच्याच फ्रॉन्क्सचं टर्बो इंजिन माझ्याच मापाचं आहे, ९९८ सीसी, तीन सिलिंडर, आणि १०० हॉर्सपॉवर देते. तिथे इंटरकूलर आहे आणि पगार वसूल काम करतो. पैसे परत मिळाले नाहीत, "बसवलेला माल परत नाही" असा कागद भिंतीवर होता. सीट कव्हरवर पाचशे कमी केले.

तारे द्यायचेच तर मला तीन वेगवेगळे हिशेब करावे लागतील. वस्तू म्हणून इंटरकूलर वाईट नाही. जोड स्वच्छ, कुठे गळती नाही, हायवेवर गरम हवा खरोखर थंड करतो. टर्बोच्या गाडीत तो बदली म्हणून गेला असता तर तीन तारे दिले असते. बिनटर्बोच्या गाडीसाठी शून्य, आणि शून्य द्यायची सोय नाही म्हणून एक. दुकानाला सुबक कामाचा एक तारा, सोंड न सांगता काढली म्हणून तो परत घेतला. चाचांना पाच. सायकलच्या पंपाचा सहावा असता तर तोही.

ज्यांच्या गाडीचा उन्हाळ्यात दम जातो त्यांनी खर्च करण्याआधी बोनेट उघडून तेवढी सोंड पाहा. सर्व्हिसिंगला फिल्टर बदलताना ती निसटते आणि परत बसवायची राहून जाते, हे माझ्या दोन ओळखीच्यांच्या गाडीत मग मी स्वतः पाहिलं. एकाची तर फिल्टरच्या डब्यामागे अडकली होती. कंडेन्सरच्या पात्या धुऊन घ्या. वाडीकडून येणाऱ्या जुन्या ट्रकच्या अंगावर 'टीसीआयसी' लिहिलेलं असते, मी ते वर्षानुवर्षं वाचत आलो. टर्बोचार्ज्ड, इंटरकूल्ड. आधी टर्बो, मग इंटरकूलर. अक्षरांचा क्रमच सांगून राहिला होता, मी फक्त हॉर्न ऐकत होतो.

इंटरकूलर आता दुकानात खिळ्याला टांगला आहे. परवा एक काकू आल्या, बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या, मग म्हणाल्या, "हे नव्या कूलरची ताटी आहे का? पाणी कुठून पडते यात?" पाणी पडत नाही म्हटलं तर म्हणाल्या, "मंग थंड काहून होईन?" मला हा प्रश्न एका महिन्याआधी सुचायला हवा होता.

भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे, पण मी टर्बोवाल्या एखाद्या गरजूची वाट पाहतो. आणि बंपरची कापलेली जाळी अजून तशीच आहे, सध्या त्यावर वुडवूलची नायलॉन जाळी बांधली आहे, शोभते असं म्हणणार नाही. २०१३ च्या वॅगनआरची खालची जाळी कोणाकडे पडली असेल तर सांगा, नवी दुकानदार ऑर्डरवर आणतो म्हणतो आणि तीन आठवडे तेच म्हणून राहिला आहे.